मिलोयकाचा चौथा अहवाल

मिलोयका ब्रेलीह कामगारांची सुरक्षा प्रतिनिधी झाली, कारण ऐन निवडीच्या वेळी ती लघवीला गेली होती. कामगारांच्या तब्येतीवर नजर ठेवायला त्यांच्यातूनच कुणीतरी निवडावं असा कायदा आहे. कायदा चांगला आहे. पण काम फुकटचं आणि वर साहेबांशी वाकड्यात शिरायचं, म्हणून ते कुणालाच नको असतं. सभेत सगळ्याजणी आपापल्या बुटांकडे बघत बसल्या होत्या. मिलोयका उठून बाहेर गेली आणि परत येऊन बघते तो टाळ्या चाललेल्या.

"कुणाचं अभिनंदन?" तिनं विचारलं.

"तुझंच," युस्तिना म्हणाली. "तू नाही म्हणाली नाहीस ना!"

ही युस्तिना तिच्या मागच्या मशीनवर बसते. जीभ तिखट, मन त्याहून तिखट, आणि तरीही मिलोयकाची सगळ्यात जुनी मैत्रीण.

कारखान्याला आमच्या खोऱ्यात सगळे नुसतं 'फाब्रिका' म्हणतात. डोंगर चढणाऱ्यांच्या सॅक तिथं शिवतात. मिलोयकाची आई तिथंच शिवायची. मिलोयका एकविसाव्या वर्षी येऊन बसली ती अजून बसलेली आहे. तीन नंबरची रांग, खांद्याचे पट्टे. पट्टा म्हणजे फोम, जाळी, नायलॉन आणि वर जाड नवारीची पट्टी. हे चारही थर एकदम सुईखाली रेटायचे आणि रेटायचं काम उजव्या हाताचं. बाई उंच, हाडापेरानं मोठी, आवाज खणखणीत. नवरा राफ्को म्हणतो, हिच्यात दोष एकच, बरोबर असली की गप्प बसत नाही. आणि चुकली असली तर? तर जास्तच बोलते.

गळ्यात पडलेलं काम तिनं मनावर घेतलं. चार वर्षांत तीन अहवाल लिहिले. पहिला गोंदाच्या मशीनवर धूर ओढून घेणारा पंखा हवा म्हणून. दुसरा खुर्च्यांबद्दल, त्या लाकडी होत्या आणि वर-खाली होत नव्हत्या. तिसरा लघवीला जाण्याबद्दल. कारण रांगेच्या डोक्यावर आकड्यांची पाटी टांगलेली असते आणि एकजण उठली की सगळ्या रांगेचा आकडा पडतो. म्हणून बायका सकाळी सहापासून साडेनवाच्या जेवणापर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. अहवालांना उत्तर आलं नाही असं नाही. तिन्ही वेळा आलं, आणि तिन्ही वेळा त्यात दोनच शब्द होते. 'नोंद घेतली.'

मग त्या फेब्रुवारीत झिगा रुतार आला. राजधानीत शिकलेला, तिशीचा, पांढरेशुभ्र बूट. कर्मचाऱ्यांचं आरोग्य हेच त्याचं खातं. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सगळ्यांना नावानं ओळखायचा, दार उघडून धरायचा. पण तो येतानाच उत्तर घेऊन आला होता आणि प्रश्न विचारायचं राहून गेलं होतं.

त्याच्या कार्यक्रमाचं नाव 'पाऊल पुढे'. सोमवारी प्रत्येक रांगेला सफरचंदांची टोपली. आता आमच्या खोऱ्यात ज्याच्या दारात सफरचंदाचं झाड नाही असा माणूस दाखवा! बायकांनी पहिल्या सोमवारी ती खाल्ली, दुसऱ्या सोमवारी घरून आणलेली त्याच टोपलीत ओतली. मग 'खोल श्वास घ्या' असं लिहिलेलं मोठं चित्र आलं. ते लागलं गोंदाच्या मशीनसमोर. मिलोयकाच्या आईच्या वेळी जिथं नर्स बसायची त्या खोलीत मऊ गाद्या टाकून विश्रांतीची खोली झाली. ती दोन वाजता, पाळी सुटल्यावर उघडायची आणि दोन वाजून दहा मिनिटांनी बस सुटायची. आणि शेवटी आले मनगटावरचे पट्टे, पावलं मोजणारे.

"आम्ही बसून शिवतो हो," मिलोयका त्याला म्हणाली. "पावलं कुठून आणू?"

"म्हणूनच तर, ब्रेलीहबाई! संध्याकाळी चाला."

"संध्याकाळी मी मेंढ्यांमागं पळते, स्वयंपाक करते आणि रविवारी डोंगर चढते. माझ्या पायांना काय झालंय?"

झिगा हसला आणि त्यानं तिच्या मनगटाला पट्टा बांधला.

पावलांचा प्रश्न बायकांनी आठवड्यात निकालात काढला. युस्तिनानं पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधला. मिलोयकाचा पट्टा बांधून राफ्को गवत कापायला जायचा. युस्तिनाचा कुत्रा त्या वसंतात कारखान्यातला सगळ्यात निरोगी कामगार ठरला आणि त्याचं नाव, म्हणजे युस्तिनाचं, फलकावर झळकलं.

इथवर सगळी गंमत होती. पण 'पाऊल पुढे'ला एक शेपूट होतं. नोव्हेंबरात, संत मार्टिनाच्या सणाला, ज्या रांगेत वर्षभरात सगळ्यात कमी आजारपणाच्या रजा निघतील तिला चषक, आणि रांगेतल्या प्रत्येकीला गरम पाण्याच्या झऱ्यांवर दोन दिवस, जोडीनं, खाणंपिणं सगळं फुकट. इथं माणूस कशानंही हुरळत नाही, पण गरम झरे म्हटलं की विरघळतो. मिलोयकाही विरघळली. तिनं राफ्कोला सांगून ठेवलं, पोहायची चड्डी शोध.

आणि त्या दिवसापासून तीन नंबरच्या रांगेत कुणी आजारी पडेनासं झालं. म्हणजे पडायच्या, पण कामावर यायच्या. ताप असला की गोळी घेऊन. पोरं आजारी असली की स्वतःची सुट्टी खर्चून. जुलैत युस्तिना पाठीला पट्टा आवळून तीन आठवडे शिवत होती, आणि तिला "घरी जा" म्हणायच्या ऐवजी मिलोयका म्हणाली, "थोडं सरळ बस." कुणी खोकली की बाकीच्या तिच्याकडे अशा बघायच्या की तिनं खोकला गिळावा. हे सगळं झिगानं केलं नव्हतं. त्यानं फक्त चषक ठेवला. एकमेकींवर पहारा बायकांनी आपणहून बसवला.

ऑक्टोबरच्या शेवटी एके सकाळी मिलोयकानं शेजारच्या मशीनवरून आलेला पट्टा उचलला, तर पांढऱ्या जाळीवर लाल ठिपके. तिनं वळून पाहिलं. शेजारी दारिंका म्लाकार शिवत होती. एक्केचाळीस वर्षांची, अबोल, दोन मुली एकटीनं वाढवणारी. तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीतून सुई आरपार गेली होती, तुकडा आतच होता, आणि ती पुढचा पट्टा लावत होती.

"दारिंका! बोट बघ!"

दारिंकानं बोटाकडे पाहिलं. ओरडली नाही. कुणा दुसऱ्याचं बोट बघावं तसं तिनं ते बघितलं. मग घाईघाईनं चिमट्यानं तुकडा ओढला, बोट चिकटपट्टीत गुंडाळलं आणि म्हणाली, "मिलोयका, कुणाला सांगू नकोस. अगं, तीनच आठवडे राहिलेत."

सुई बोटातून गेली आणि बाईला कळलं नाही, याचा अर्थ हात बधिर होत चाललाय, हे मिलोयकाला चांगलं ठाऊक होतं. अपघाताची नोंदवही तिच्याच खणात होती. नोंद करणं तिचंच काम होतं. तिनं खण उघडला नाही. तिच्या डोळ्यांसमोर गरम पाणी होतं, पाण्यावरची वाफ होती, आणि त्या वाफेत राफ्को त्याच्या जुन्या चड्डीत. तिनं लाल ठिपक्यांचा पट्टा टाकाऊ मालात टाकला आणि पुढचा घेतला.

दोन आठवडे गेले. मार्टिनाच्या आधीच्या सोमवारी बसची वाट बघताना दारिंका जवळ येऊन उभी राहिली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "उद्याची हॉस्पिटलातली तारीख मी रद्द करणार आहे. तुला म्हणून सांगते. कुणाला तरी सांगावंसं वाटलं."

"कसली तारीख?"

"हाताचं ऑपरेशन. अकरा महिने थांबले होते. पण मग सहा आठवडे रजा लागेल ना. आता ऐन वेळी मी सगळ्यांच्या तोंडचा घास काढू? युस्तिना तिच्या आईला नेणार आहे. तिची आई नव्वदीची आहे, मिलोयका."

"आणि पुढची तारीख?"

"पुढच्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, तोवर शीर मरेल. पण डॉक्टर काय, म्हणतातच."

बस आली. दारिंका चढली, आणि दांडा तिनं डाव्या हातानं धरला. मिलोयकानं ते बघितलं आणि तिला स्वतःची अशी लाज वाटली की ती घरापर्यंत कुणाशी बोलली नाही. घरी राफ्कोनं विचारलं, काय झालं? तर ती म्हणाली, "मी चोर आहे." राफ्कोनं चमचा खाली ठेवला. बायको कमी बोलते आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते त्याला काही बरं लक्षण वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिलोयकाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. आमच्याकडे पन्नाशी झाली की पुरुषाला बायबलातला अब्राहाम भेटला आणि बाईला त्याची बायको सारा भेटली असं म्हणतात, आणि सोबतिणी पेंढ्याची सारा करून उजाडायच्या आत दारात आणून उभी करतात. मिलोयकाची सारा फाटकाला टेकून उभी होती. माणसाएवढी, फाब्रिकेचा निळा झगा घातलेली, पाठीला सॅक, हातांच्या जागी भरलेले हातमोजे. गळ्यात पाटी होती, 'पन्नाशी झाली, तरी अजून शिवते!' आणि गंमत म्हणून कुणीतरी तिच्या उजव्या मनगटाला पावलं मोजायचा पट्टा बांधला होता.

मिलोयका आधी खो खो हसली. मग तिची नजर त्या मनगटावर गेली आणि हसू थांबलं. ही बाई कधी आजारी पडणार नाही. हिला पोरं नाहीत, ताप नाही, लघवी नाही. सुई आरपार गेली तरी हिला कळणार नाही.

"राफ्को!" तिनं घराकडे तोंड करून हाक मारली. "गाडी काढ. दारिंकाच्या घरी जा आणि तिला हॉस्पिटलात घेऊन जा. नाही म्हणाली तर उचलून ने."

"उचलून? शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत! तिला सांग, तिच्या जागी बाई मिळाली."

आणि मिलोयका साराला काखोटीला मारून साडेपाचच्या बसमध्ये चढली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

"दोन तिकिटं का, मिलोयका?"

"ही कामगार आहे, पासावर येते."

बसभर हशा पिकला. बायकांना वाटलं, वाढदिवसाची मौज चालली आहे. पण मिलोयकानं साराला नेऊन दारिंकाच्या खुर्चीत बसवलं, हातमोजे मशीनवर ठेवले, आणि मग ती तीन नंबरच्या रांगेकडे तोंड करून उभी राहिली. सहाला पाच मिनिटं कमी होती.

"दारिंका ऑपरेशनला गेली आहे. सहा आठवडे येणार नाही. चषक गेला, झरे गेले. तिला मी पाठवलंय, तेव्हा बोलायचं ते मला बोला."

मग युस्तिना उठली.

"अगं, तुझी मती फिरली काय? चार दिवस! चारच दिवस राहिले होते! माझी आई बॅग भरून बसलीय, तिला मी काय सांगू?"

"सांग, की मिलोयका हलकट आहे."

"ते तिला माहीतच आहे! दारिंकाला चार दिवस कळ काढता येत नव्हती?"

"तिला कळच येत नाही, युस्तिना. कळच येत नाही तिला. दोन आठवड्यांपूर्वी सुई बोटातून आरपार गेली आणि ती शिवतच राहिली. मी बघितलं. आणि मी सुरक्षा प्रतिनिधी, सगळ्यांची काळजी वाहणारी, तोंड शिवून बसले. कारण मलाही गरम पाण्यात बसायचं होतं. घ्या, आता कळलं सगळ्यांना."

युस्तिना खाली बसली. तिचा राग गेला नव्हता. पण आता तो एकट्या मिलोयकावर ठेवता येईना, म्हणून तिनं तो मशीनवर काढला आणि दोरा तोडला.

मिलोयकानं आपल्या टाचण्यांच्या उशीतून लाल डोक्याची टाचणी काढली आणि साराच्या उजव्या मनगटात खोचली.

"ही दारिंकाची. आता ज्या बाईला जिथं दुखतं तिथं तिनं आपली टाचणी खोचायची. खोटं चालणार नाही. आणि दुसरीची काढायची नाही. ज्या दिवशी दुखायचं थांबेल त्या दिवशी जिची तिनंच काढायची."

घंटा झाली. मशीनं सुरू झाली. पहिला तासभर कुणी हललं नाही. मग रांगेच्या टोकाची एक म्हातारी उठली, येत्या वसंतात ती निवृत्त होणार होती, आणि तिनं साराच्या मानेत टाचणी खोचली. डोक्यावरच्या पाटीवर रांगेचा आकडा पडला. कुणी वर बघितलं नाही. दुसरी उठली, मनगट. तिसरी, खांदा. बातमी पसरली तशा दोन नंबरच्या रांगेतून, चारमधून, गोंदाच्या मशीनवरून बायका यायला लागल्या. गोंदवालीनं छातीत दोन खोचल्या आणि म्हणाली, "एक माझी, एक त्या 'खोल श्वास' लिहिणाऱ्याची." साडेनऊपर्यंत साराचं उजवं मनगट साळिंदरासारखं दिसायला लागलं होतं. मान, खांदे आणि कंबर भरली होती. फक्त युस्तिना जागची उठली नव्हती.

साडेनऊला खानावळीत योता, आंबट कोबी आणि राजम्याची दाट आमटी, होती, पण जेवायला कुणी गेलं नाही. कारण त्याच वेळी दार उघडून लेबानसाहेब आत आले. ते फाब्रिकेचे संचालक. मागं झिगा, आणि त्याच्यामागं राजधानीतून आलेली तीन माणसांची समिती. निरोगी कार्यस्थळाचं मानपत्र द्यायचं की नाही हे ती ठरवणार होती. मिलोयकाला समिती येणार हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिनं साराचे केस विंचरले असते.

लेबानसाहेबांनी सारा बघितली. आमच्याच खोऱ्यातले आहेत ते, सारा म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. ते घाईनं हसले.

"वाढदिवस दिसतोय कुणाचा! आमच्याकडे वातावरण असं घरगुती असतं. ब्रेलीहबाई, अभिनंदन! आता जरा ते बाजूला घेता का?"

"नाही घेत, साहेब."

समितीतल्या पांढऱ्या केसांच्या बाई पुढं आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. "या टाचण्या कसल्या?"

"जिथं दुखतं तिथल्या," मिलोयका म्हणाली. "एक टाचणी, एक बाई. गोंदवालीच्या तेवढ्या दोन."

"आणि पायात एकही नाही?"

"पायांना काय होतंय आमच्या? पाय धडधाकट आहेत. म्हणून तर ते मोजतात." तिनं साराच्या मनगटाचा पट्टा उचलून दाखवला. "आणि ही बाई बघा. वर्षभर एक रजा नाही. पाणी पीत नाही, उठत नाही. सुई आरपार गेली तरी हूं की चूं नाही. यंदाचा चषक हिलाच द्या. आम्ही सगळ्याजणी अशा व्हायचा खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही."

झिगाचा चेहरा पांढरा पडला होता. लेबानसाहेबांचा लाल झाला.

"ब्रेलीहबाई, हा तमाशा आत्ताच्या आत्ता उचला."

"हा तमाशा नाही. मी निवडून आलेली प्रतिनिधी आहे आणि हा माझा अहवाल आहे."

"अहवाल कागदावर असतो!"

"कागदावरचे तीन दिले, साहेब. त्यांची तुम्ही नोंद घेतली. हा बसलाय खुर्चीत. याची नुसती नोंद घेऊन बघा." तिनं झग्याच्या खिशातून अपघाताची नोंदवही काढली. "आणि हा कागदही घ्या. दारिंकाच्या बोटाचा अपघात. दोन आठवडे लपवला. कुणी लपवला, ते नाव माझंच आहे. खाली तुमच्या सहीला जागा ठेवलीय."

"म्हणजे चूक तुमची आहे, हे तुम्ही मान्य करता."

"करते. मी माझी केली. आता तुमची पाळी."

आणि तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. युस्तिना उठली. तिनं कुणाकडे बघितलं नाही, लेबानसाहेबांना कोपरानं बाजूला केलं आणि साराच्या समोर जाऊन उभी राहिली. पाठीत खोचेल असं मिलोयकाला वाटलं. पण युस्तिनानं टाचणी खोचली ती बेंबीच्या खाली, ओटीपोटात.

"या वर्षात चार वेळा मूत्रमार्गाला संसर्ग झाला मला," ती समितीच्या बाईंना म्हणाली. "चारही वेळा तापात शिवत होते. का, ते माहितीय? त्या पाटीमुळं. आणि माझ्या कुत्र्याला फलकावरून काढा, तो बिचारा निरोगीच आहे."

मग ती मिलोयकाकडे वळली. "आईला तूच सांगायचंस. मी नाही सांगणार."

"सांगेन."

"आणि पोतित्सा भाजून घेऊन यायची. अक्रोडाची."

"आणेन गं बये, आणेन!"

समितीनं मानपत्र दिलं नाही. चषक गेला गोदामाला, तिथं सगळे मिळून चौघे पुरुष आहेत. ते चौघे झऱ्यांवर जाऊन आले आणि परत येताच सर्दीनं आडवे झाले, तीन दिवस रजेवर. युस्तिनाच्या आईनं पोतित्सा खाल्ली आणि मिलोयकाला सांगितलं की तिला मुळात पाण्याची भीती वाटते, लेकीला बरं वाटावं म्हणून बॅग भरली होती.

सारा मात्र खुर्चीतच राहिली. लेबानसाहेबांनी दोनदा माणसं पाठवली. पहिल्यांदा मिलोयका म्हणाली, "कामगारांच्या तब्येतीचं काम करते म्हणून मला जागेवरून हलवता येत नाही असा कायदा आहे, तो माझ्या अहवालालाही लागू आहे." असा काही कायदा नाही. पण सांगणारी मिलोयका होती, म्हणून माणसं परत गेली. दुसऱ्यांदा ती नुसती उभी राहिली, आणि तिच्या मागं रांग उभी राहिली.

झिगा आठवडाभर हॉलमध्ये दिसला नाही. मग एका सोमवारी वही न घेता आला, साराच्या शेजारी मोकळ्या मशीनवर बसला आणि म्हणाला, "मला पट्टा शिवायला शिकवा." साडेनवापर्यंत त्यानं सहा शिवले, सहाही वाकडे. उठताना त्यानं मनगट चोळलं. दुसऱ्या दिवशी विश्रांतीच्या खोलीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर लटकलेली दिसली, दिवसभर. डोक्यावरची पाटी उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून टांगली. पावलांचे पट्टे गोळा झाले. आणि एके सकाळी साराच्या पोटात एक निळ्या डोक्याची टाचणी सापडली. तसली टाचणी कुठल्याच रांगेत वापरत नाहीत, वरच्या कचेरीतल्या सूचनाफलकावर वापरतात. युस्तिना ती काढायला गेली, तर मिलोयकानं तिचा हात धरला. "राहू दे. दुसऱ्याची काढायची नाही."

नाताळच्या दोन दिवस आधी दारिंका आली. तळहातावर ताजा व्रण, बोटं अजून बोजड. तिला सगळं राफ्कोनं सांगितलं होतं, तरी दारात ती थबकली. ज्या रांगेची सहल आपण बुडवली त्या रांगेसमोर जायचं कसं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. रांगेनं मशीनं थांबवली. युस्तिना म्हणाली, "उभी काय राहिलीस? ये, तुझी टाचणी कधीची वाट बघतेय."

दारिंका साराजवळ आली. लाल टाचणी शोधायला तिला वेळ लागला, कारण मनगटावर आता नखभर जागा उरली नव्हती. तिनं ती उजव्या हाताच्या दोन बोटांनी धरली. टोक बोटाला टोचलं.

"आई गं!" दारिंका ओरडली. आणि मग तिला कळलं की ती ओरडली, आणि ती रडायलाच लागली. मिलोयकाही रडली, मोठ्यानं, तिला हळू काही येत नाही.

या गडबडीत लेबानसाहेब कधी येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नाही. त्यांनी घसा खाकरला. "छान. फार छान झालं. आता म्लाकारबाई कामावर आल्या आहेत, त्यांना त्यांची खुर्ची लागेल. म्हणजे हे आता... ही जाईल ना?"

मिलोयकानं बाहीनं डोळे पुसले. तिनं साराच्या मानेकडे, खांद्यांकडे, गोंदवालीच्या दोन टाचण्यांकडे बघितलं. मग दारिंकाच्या लाकडी खुर्चीकडे बघितलं.

"एकच निघालीय, साहेब," ती म्हणाली. "हिला दुसरी खुर्ची मागवा. वर-खाली होणारी, पाठीला टेकू असलेली. ती कशी आहे ते हिला बसवून बघू, आणि मग तशाच सगळ्यांना आणा."